नानांच्या सोन्याच्या वहाणा

मित्रांनो, मी एक जुनी दवंडीची घंटा आहे. चर्चमधल्या घंटेसारखा मला लोलक नाही. कुणी बाहेरून काठी हाणली तरच मला आवाज फुटतो, आणि त्या आवाजामागून कोणते शब्द जाणार हे मला कधी कुणी विचारले नाही. त्यातल्या काही शब्दांची मला आजही शिसारी येते. तीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म अडाकुरोम गावात झाला. ओफोसू लोहाराने एका मोडक्या ट्रकच्या कमानीचा पाटा भट्टीत लाल केला, त्याचे दोन तुकडे ठोकून वाकवले आणि कडेने जोडले. त्याने मला पहिली काठी मारली, मान तिरकी करून ऐकले आणि म्हणाला, "ही पोरगी नदीपलीकडे ऐकू जाईल." त्याच दिवशी मी राजवाड्याची झाले. मला वाजवायचे काम बेडियाकोकडे आले. त्याचा बापही दवंडीवालाच होता.

आमच्याकडे दवंडीचा नियम साधा आहे. राजाच्या हुकुमाशिवाय मला कुणी हात लावायचा नाही. आधी तीन ठोके द्यायचे आणि मग म्हणायचे, "नानांचा नमस्कार. नाना सांगतात की..." राजाला आम्ही नाना म्हणतो. त्यापुढचे शब्द बेडियाकोच्या तोंडून निघाले तरी ते नानांचे असतात, आणि ते ऐकल्यावर वाद घालायचा नसतो.

सुरुवातीची वर्षे फार चांगली गेली. उद्या सगळ्यांनी कोयते घेऊन शाळेची वाट साफ करायला या, परवा पोरांना लस टोचायला नर्सबाई येणार आहेत, म्हाताऱ्या अफ्रियेची शेळी हरवली आहे, असे मी सांगत फिरायचे. शेळी सापडायची. बायका बेडियाकोच्या हातावर भाजलेली केळी ठेवायच्या आणि मला थोपटून म्हणायच्या, "हिच्यामुळे गाव एका जागी येतं." मला त्याचा अभिमान वाटायचा. नानाही तेव्हा सडपातळ होते आणि गावातून पायी फिरायचे.

पुढे नानांनी नदीकाठ सोने उपसणाऱ्यांना देऊन टाकला. नदीचे पाणी दुधाळ चहासारखे झाले. मासे गेले, आणि बायका पिशवीतले पाणी विकत घेऊन स्वयंपाक करू लागल्या. नानांच्या दारात मात्र तिसरी मोटार आली. राजधानीत, आक्रात, घर झाले, त्या घराला पोहायचा तलाव झाला. त्यांच्या वहाणांच्या जोड्याच चाळीस होत्या. मला पक्के माहीत आहे, कारण त्या ज्या खोलीत ठेवत तिथेच मी खुंटीला टांगलेली असे. सकाळ-संध्याकाळ ते चामडे हुंगून मला उबग यायचा.

मग नानांना गादीवर बसून पंचवीस वर्षे झाली. पेप्राच्या डोक्यात आले की गावाने त्यांना काहीतरी भेट द्यावी. पेप्रा म्हणजे नानांची जीभ. नाना चारचौघांत मोठ्याने बोलत नाहीत. ते पुटपुटतात, आणि सोनेरी मुठीची काठी टेकून पेप्रा ते सजवून लोकांना सांगतो. त्याने ठरवले की गावाने सोन्याने मढवलेल्या वहाणा द्याव्यात. चाळीस जोड्या होत्या, त्यात ही एक्केचाळिसावी!

एका शुक्रवारी बेडियाकोने मला बाजाराच्या तोंडाशी वाजवले. "नानांचा नमस्कार. नाना सांगतात की प्रत्येक घरातून सोन्याचा एक तरी डाग राजवाड्यावर यावा. लहान असला तरी चालेल. ज्या घरातून येणार नाही, त्या घराच्या मयताला गावाचा ढोल वाजणार नाही."

मित्रांनो, आमच्याकडे माणसाला जगताना कुणी विचारले नाही तरी चालते, पण ढोलाशिवाय पुरणे म्हणजे कुत्र्याचे मरण. ते शेवटचे वाक्य बेडियाकोने खाली बघून म्हटले. पण तो थांबला नाही. मीही खणखणीत वाजले.

बेडियाकोची धाकटी बहीण पोकुआ बाजारात केंके विकते. आंबवलेल्या मक्याचे उंडे ती पानात बांधून उकडते. दवंडी संपवून तो तिच्या चुलीपाशी बसला, तर तिथे आधीच कालवा चालला होता.

"पाय किती आहेत गं त्यांना?" सेवा नावाची मासळीवाली विचारत होती. "दोनच ना? का राजा झाल्यावर आणखी फुटतात?"

"हळू बोल, दवंडीवाला आलाय," दुसरी एक म्हणाली.

"येऊ दे की. दादा, तूच सांग. भुकेल्याला वाढलं तर बरं वाटतं. ह्यांच्या पानात ठेवायला जागा तरी उरलीय का?"

"मी काय सांगू? मी नुसतं वाजवतो," बेडियाको म्हणाला.

पोकुआ पानांत उंडे बांधत राहिली. तिच्या घरात सोने एवढेच होते, मसुराएवढ्या बाळ्यांची एक जोडी. घरात मुलगी जन्मली की आठव्या दिवशी, नाव ठेवताना, तिचे कान टोचून त्या घालायच्या. पोकुआच्या आजीच्या कानात त्या होत्या, आईच्या होत्या, तिच्या आणि तिच्या लेकीच्याही. लेक तेव्हा बाळंतपणाला माहेरी आली होती. पण घरात म्हातारी आईही अंथरुणाला खिळलेली होती, आणि ढोलाचा धाक तिच्यासाठीच होता. संध्याकाळी पोकुआने बाळ्या पदरात बांधून राजवाड्यावर नेऊन दिल्या.

सहा दिवसांनी नात झाली. आठव्या दिवशी तिचे नाव दुफिए ठेवले, कान टोचले, आणि भोके बुजू नयेत म्हणून त्यांत झाडूच्या काड्या घातल्या. पाहुणे आले, खाऊनपिऊन गेले. दुसऱ्या दिवशी पोकुआ नातीला पाठीशी बांधून राजवाड्यावर आली. वहाणांची खोली आणि नानांची बैठक यांच्या मधल्या भिंतीला झरोका होता, म्हणून मला खुंटीवरून सगळे ऐकू आले.

"पेप्राभाऊ, नानांना माझा नमस्कार सांगा. सोनं अजून वितळवलं नाही म्हणतात. नानांनी फक्त दोन शब्द बोलावेत, 'पोट भरलं.' ज्याचं त्याला परत जाईल. माझा दादा त्याची दवंडी पिटेल. गाव नानांना डोक्यावर घेऊन नाचेल हो!"

नाना पुटपुटले. मी जवळ होते म्हणून मला त्यांचे खरे शब्द ऐकू आले. ते म्हणाले, "काढ हिला बाहेर. माझी झोपायची वेळ झाली."

पेप्राने काठी टेकली आणि घसा साफ केला. "नाना म्हणतात, लेकरांचं प्रेम परत करणं बापाला शोभत नाही."

"प्रेम नाहीये हो ते," पोकुआ म्हणाली. "बाळ्या आहेत."

आत कुणीतरी हसले. तिला दाराबाहेर नेऊन सोडले. त्याच आठवड्यात सोनाराने मूस तापवली.

आता एक गंमत ऐका, जरी मला तिचे हसू येत नाही. राजाच्या पायाला कुणी माप लावायचे नाही, अशी आमची रीत आहे. मग सोनाराने माप कुठून घ्यावे? पेप्राने त्याला खोलीतली सगळ्यात जुनी जोडी काढून दिली, गादीवर बसताना नानांनी घातलेली, म्हणून मानाची. पंचवीस वर्षांत नानांचे पाय पाव फुगावेत तसे फुगले होते. हे सगळ्यांना दिसत होते, पण राजाचा पाय फुगला असे म्हणायची छाती कुणाची?

समारंभाच्या दिवशी गाव मैदानात जमले. शेजारपाजारचे राजे छत्र्या घेऊन आले. बेडियाको मला काखेत धरून पुढे उभा होता. भेट स्वीकारायची म्हणजे ती सगळ्यांदेखत घालून दाखवायची. पण राजाचा अनवाणी पाय मातीला लागता कामा नये. लागला तर त्याची गादी गेली, इतकी ही रीत जुनी आणि कडक आहे. म्हणून खाली मेंढीचे कातडे अंथरले होते.

सोन्याच्या वहाणांवरचे कापड काढले तेव्हा लोकांनी माना उंचावल्या. मला त्यांत कुणाची अंगठी दिसली, कुणाच्या माळेचा मणी दिसला, आणि कुठेतरी पोकुआच्या आजीचे कान दिसले.

नानांनी जुन्या वहाणेतून उजवा पाय काढला आणि नव्या पट्ट्यात घातला. अर्धाच गेला. त्यांनी तो रेटला. त्या वेळी पाय मागे घेऊन ते हसले असते, "लहान झाल्या, राहू द्या" म्हणाले असते, तरी निभावले असते. पण सोने समोर असताना मागे सरणे त्यांना जमेना. कपाळावर घाम आला, ओठ ओले झाले, आणि ते खुर्चीवरून अर्धवट उठून सगळ्या भाराने पाय दाबू लागले. पाहवत नव्हते. भुकेले पोरही ताटावर असे तुटून पडत नाही. मग पट्टा सटकला, पाय घसरला आणि कातड्याच्या बाहेर लाल मातीवर थपकन पडला.

ढोल थांबले. छत्रीवाल्याने घाईघाईने छत्री खाली केली. सगळे जण आकाशाकडे बघू लागले, जणू पाऊस येतोय की काय. क्षणभराने ढोल दुप्पट जोराने सुरू झाले.

पेप्रा घामाघूम होऊन बेडियाकोकडे आला. "ताबडतोब बाजारात जा. सांग, नानांनी प्रेमानं भेट स्वीकारली, आणि त्यांचा पाय कातड्यावरच होता. हाच नानांचा शब्द आहे."

"पण भाऊ, मी पाहिलं ना."

"तुला पाहायला ठेवलंय का? तुला वाजवायला ठेवलंय."

बेडियाको निघाला. बाजारात पोकुआची चूल चालू होती. ती समारंभाला आलीच नव्हती. त्याने तीन ठोके दिले आणि लोक गोळा झाले.

"नानांचा नमस्कार," तो म्हणाला. "नाना सांगतात की..."

तेवढ्यावर थांबून त्याने काठी खाली टाकली.

"नाही. हे नाना सांगत नाहीत. हे बेडियाको सांगतोय. पाय मातीला लागला. मी पाहिला. आणि तुमच्या पोरीबाळींचं सोनं मागितलं ते याच तोंडानं. ढोलाची धमकी दिली तीही यानंच. माझी चूक झाली. थू माझ्यावर!"

पोकुआ चुलीपाशी दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी होती.

आता तुम्हाला वाटेल, नानांची गादी गेली असेल. छे! मोठ्या मंडळींनी रात्रंदिवस बसून खल केला आणि ठरवले की मातीला लागली ती टाच, आणि टाच म्हणजे पाय नव्हे. एक मेंढी कापली, नानांची दृष्ट काढली आणि सगळे जेवले. बेडियाकोला मात्र हुकुमाशिवाय बोलल्याबद्दल दंड झाला आणि त्याचे काम गेले. राजवाड्याने भोंगा लावलेली गाडी घेतली. मला विटाळ झाला म्हणून कुणी परत नेले नाही. बेडियाकोने मला पोकुआच्या शेडात आणून ठेवले. केंकेच्या पातेल्यावरचे झाकण वाफेने उडू नये म्हणून ती मला त्यावर ठेवते. माझे कान गंजले आहेत, पण अंगाला मक्याचा वास येतो. तो चामड्यापेक्षा बरा.

लोक भोंग्याच्या गाडीवर विश्वास ठेवीनात. गाडी आली की पोरे मागून ओरडायची, "टाच म्हणजे पाय नव्हे!" म्हणून गेल्या महिन्यात पेप्रा स्वतः शेडात आला. त्याने काठी भिंतीला टेकवली आणि कागदाची पुडी काढली. आत बाळ्या होत्या, नव्याकोऱ्या, पोकुआच्या होत्या त्यापेक्षा जड.

"बाई, नानांनी मोठ्या मनानं पाठवल्यात," तो म्हणाला. "नातीच्या कानात घाल. फक्त तुझ्या दादानं एकदा ही घंटा घेऊन गावातून फिरायचं. म्हणायचं, उन्हामुळे नीट दिसलं नाही. ऊन होतंच ना त्या दिवशी?"

बेडियाकोने बहिणीकडे पाहिले. "तू म्हणशील तसं, पोकुआ. पोरीचे कान मोकळे आहेत ते माझ्यामुळं."

पोकुआने हात पुसले. तिने एक बाळी उचलून उजेडात धरली आणि उलटीसुलटी करून बराच वेळ पाहिली. मग ती पुन्हा पुडीत ठेवली आणि पुडी पेप्राकडे सरकवली.

"पेप्राभाऊ, एक विचारू?" ती म्हणाली. "ह्या वेळी कुणाच्या कानातल्या आणल्यात?"

पेप्राने पुडी खिशात घातली, काठी उचलली आणि तो गेला.

मित्रांनो, माझ्यावरचा गंज काढायची घाई करू नका. मला तेल नको, राख नको, नवी खुंटीही नको. माझी खरोखर निगा राखायची असेल तर एवढेच करा. कुणी तुमच्या हातात काठी देऊन "हे सांगत फिर" म्हणाले, तर आधी त्याला पोकुआचा प्रश्न विचारा. त्याला उत्तर देता आले नाही, तर मला मुकीच राहू द्या.