दागिन्यांची पेटी आणि चौदावी रांग

ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत माणसानं आपल्या आवडीचं काहीतरी सोडायचं असतं. गेल्या वर्षी मी बिअर सोडली होती आणि चौथ्याच दिवशी पुन्हा धरली होती. म्हणून यंदा मी ठरवलं की दागिन्यांच्या पेटीला शिव्या देणं सोडायचं.

दागिन्यांची पेटी म्हणजे समुद्रकाठच्या त्या श्रीमंत शहराची बास्केटबॉल टीम. हे नाव आम्ही मिलवॉकीकरांनीच ठेवलेलं. एकाहून एक नामवंत असे चार खेळाडू त्यांनी विकत आणून ठेवलेत. चाळीस वर्षं मी त्या टीमचा मनापासून द्वेष केला आहे, आणि यंदा ते असे काही गटांगळ्या खात होते की बघत राहावं. नेमकं यंदाच माझं तोंड बंद. देवाची करणी आणि नारळात पाणी, दुसरं काय.

हंगामातल्या शेवटच्या सामन्याआधीच्या शुक्रवारी आम्ही चर्चच्या तळघरात होतो. उपवासाच्या या दिवसांत शुक्रवारी मटण-कोंबडी वर्ज्य, मासे चालतात; म्हणून दर शुक्रवारी तिथे मासे तळतात आणि अख्खी वस्ती जेवायला येते. एकोणीस वर्षं कढई माझ्या ताब्यात होती. यंदा कढईवर लॅव्हेल होता, माझा गिरणीतला जुना जोडीदार, आणि मी स्टुलावर बसून कोबी किसत होतो. चर्चमधली आमची जुनी मैत्रीण मेरी जो माशांना पीठ लावत होती.

"संपले ते," लॅव्हेल झारा झटकत म्हणाला. "रविवारी आपल्याकडे येणार, मार खाणार आणि घरी जाणार. प्लेऑफची बाद फेरी टीव्हीवर बघतील."

"जिंकले तर जातील ना आत?" मेरी जोनं विचारलं.

"जिंकले तर. पण जिंकतील कशाच्या जिवावर? मॅबरी अडतीस वर्षांचा, गुडघ्यात पाणी झालेलं. दुसऱ्याची पाठ धरलेली. तिसरा चौथ्याशी बोलत नाही. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा."

मेरी जो हसली. मीही हसायला हवं होतं. पण तोंडातून भलतंच निघालं.

"अडतीस म्हणजे काही म्हातारपण नाही."

लॅव्हेलनं वळून बघितलं. "कॅझ, तू शिव्या सोडल्यास हे माहीत होतं. आता काय आरती ओवाळणार त्यांची?"

"आरती नाही. पण गुडघा दुखतो म्हणून माणूस संपला, हे ठरवणारा तू कोण? गेल्या महिन्यात त्यानं त्याच गुडघ्यावर एकतीस गुण काढले."

"आणि पुढचे चार सामने बाकावर बसून काढले."

"बसला ना? मग उठेलही."

"आपण मॅबरीबद्दलच बोलतोय ना, कॅझ?" मेरी जो हळूच म्हणाली.

मी कोबी जोरात किसायला लागलो. ती बरोबर बोलत होती आणि त्याचाच मला राग आला.

गोष्ट अशी होती. स्टेडियमच्या वरच्या मजल्यावर चौदाव्या रांगेत आमच्या, दर हंगामाला पैसे भरून राखलेल्या, दोन खुर्च्या आहेत. बर्नाडेट, माझी मुलगी, नऊ वर्षांची होती तेव्हापासून आम्ही तिथे शेजारी शेजारी बसतो. आज ती चाळिशीची आहे. शाळेतला निकाल, पहिली नोकरी, तिचा घटस्फोट, सगळं तिनं मला त्या खुर्चीवरून, समोर बघत सांगितलंय. घरी जेवणाच्या टेबलावर आम्हां दोघांनाही तसं बोलता येत नाही. नोव्हेंबरमध्ये मी तिथल्याच पायऱ्यांवरून घसरलो. बाराव्या रांगेपासून आठव्या रांगेपर्यंत गेलो आणि खुब्याचं हाड मोडलं. मला दुखण्यापेक्षा तिची किंकाळी जास्त आठवते.

पुढच्या हंगामासाठी खुर्च्या ठेवायच्या की सोडायच्या, हे सोमवारपर्यंत कळवायचं होतं. ती म्हणाली, "बाबा, सोडून देऊ. टीव्हीवर बघ." मी तीन दिवस अबोला धरला. शेवटी तिनं अट घातली: रविवारी, कुणाचाही हात न धरता, आपल्या खुर्चीपर्यंत चढून दाखवायचं. चढलास तर खुर्च्या ठेवू. कठडा धरला तर चालेल, काठीही चालेल.

प्रत्येक रांगेला दोन पायऱ्या. म्हणजे अठ्ठावीस. मी महिनाभर रोज चर्चच्या जिन्यावर सराव करत होतो. विसाच्या वर एकदाही गेलो नव्हतो, आणि हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

रविवारी दुपारी आम्ही तासभर आधी पोचलो. बर्नाडेट पुढे जाऊन चौदाव्या रांगेत बसली. "मी जवळ राहिले तर धरणार तुला," ती म्हणाली. "मला माहितीय मी कशी आहे."

मी सुरुवात केली. पहिल्या सहा रांगा झोकात गेल्या. सातवीला घाम फुटला. आठवीला मी खाली बघितलं, जे करायचं नव्हतं. नवव्या रांगेपाशी पाय असा आखडला की तो माझा आहे असंच वाटेना. कडेची खुर्ची रिकामी होती, तीत मी कोसळलो. मला भीती वाटत होती. सत्तरीचा माणूस, दोन महायुद्धांच्या गप्पा मारणाऱ्या बापाचा मुलगा, आणि मला पाच रांगांची भीती वाटत होती.

बर्नाडेट उठून उभी राहिली. मी हात वर करून तिला थांबवलं. ती बसली, पण सबंध सामनाभर तिचं लक्ष खेळाकडे नव्हतं, माझ्या टकलाकडे होतं.

सामना लॅव्हेल म्हणाला तसाच झाला. मध्यंतरालाच ते पंधरानं मागे होते. शेवटची चार मिनिटं उरली तेव्हा फरक बावीसचा होता आणि त्यांच्या प्रशिक्षकानं एकेकाला बाहेर बोलावलं. तिघं टॉवेल डोक्यावर घेऊन बसले. मॅबरीनं मात्र मान हलवून नकार दिला. लंगडत परत धावत गेला, सुटलेल्या चेंडूवर झेपावला, जमिनीवर आपटला. माझ्या मागे कुणीतरी हसलं. तो उठला आणि बचावाला जाऊन उभा राहिला.

चेंडू त्याला मिळाला नाही. सामना ते हरले आणि हंगाम संपला. खिशातला फोन वाजला. लॅव्हेलचा निरोप होता: "म्हटलं होतं ना?" मी फोन परत खिशात टाकला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते हरल्याचं मला वाईट वाटलं, आणि त्याची लाजही वाटली नाही.

लोक उठले. पायऱ्यांवरून गर्दीचा लोंढा खाली यायला लागला. मी कठडा धरून उभा राहिलो आणि वर तोंड केलं.

"आजोबा, दरवाजा खाली आहे," एक बाई म्हणाली.

"माहितीय."

दहावी रांग. लोक कडेनं वाट काढत होते, काहीजण वैतागत होते. अकरावी. मला व्यायाम शिकवणारी परिचारिका म्हणायची, आधी चांगला पाय, मग दुखरा. बाराव्या रांगेपाशी मी थांबलो. इथूनच पडलो होतो. बर्नाडेट उभी होती, दोन्ही हात काखेत दाबून, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं हात बाहेर काढले नाहीत. हे तिला माझ्याहून अवघड गेलं असणार.

"बाबा, सामना संपलाय," ती म्हणाली.

"तू सामन्याचं बोलली नव्हतीस. रविवारचं बोलली होतीस. अजून रविवारच आहे."

तेरावी रांग मी कशी चढलो ते मला सांगता येणार नाही. चौदाव्या रांगेत माझी खुर्ची होती. मी बसलो. खाली मैदानावर झाडूवाले आले होते आणि गर्दी जवळजवळ ओसरली होती.

"आणि पुढच्या वर्षी पुन्हा पडलास तर?" तिनं विचारलं.

"तर पुन्हा चढीन. तू वर थांब म्हणजे झालं."

तिनं नाक पुसलं, फोन काढला आणि दोन्ही खुर्च्या ठेवतोय असं कळवून टाकलं. मग फोन मांडीवर उलटा ठेवून, मैदानाकडेच बघत म्हणाली, "बाबा, मला तुला एक सांगायचंय."