पाठींचं कपाट

शिंप्याचा एक नियम होता: मेलेल्याच्या कोटाला पाठ शिवायची नाही. पुढचा भाग, कॉलर, बाह्या, चार झकास बटणं, आणि मागे नुसत्या नाड्या. माणूस शवपेटीत उताणा असतो, त्याची पाठ बघायला कोण जातंय? कापड मात्र तो अख्ख्या कोटाचं घ्यायचा. उरलेली पाठ कपाटात जायची. तिचं पुढे काय करायचं, हे त्यानं कधी ठरवलं नव्हतं. बायकोनं विचारलं की म्हणायचा, असू दे, खायला मागतंय का? कपाटाची किल्ली तो गळ्यात घालायचा, क्रुसाच्याच साखळीत.

आईबाप गेल्यावर त्याला मामानं वाढवलं होतं. मामाची बेकरी होती, पोराचं पोट कधी रिकामं राहिलं नाही. म्हातारपणी हाच मामा अंथरुणाला खिळला, डॉक्टरनं हात टेकले, तेव्हा मामानं स्वतः निवडून काळं लोकरी कापड भाच्याकडे पाठवलं. शिंपी मनापासून रडला. रडत रडतच त्यानं कापड बेतलं आणि कात्री सवयीच्या वाटेनं गेली. मामाचीही पाठ कपाटात जाऊन पडली.

मग मामा बरा झाला. डॉक्टर जरा खजील दिसला. शिंप्याला आनंद झाला, आणि आनंदाच्या मागोमाग कोट आठवला. तो मामाच्या घरी पेटाऱ्यात होता. मामाला कळलं तर भाच्याला तोंड लपवायला जागा उरणार नव्हती. इस्त्री करून देतो, असं सांगून त्यानं कोट परत मागितला. मामा म्हणाला, राहू दे, रविवारी चर्चला तोच घालणार आहे.

रविवारी शास्त्रपाठ वाचायची पाळी नेमकी शिंप्याची होती. वाचायचा होता तो कोठारं पाडून आणखी मोठी बांधू म्हणणाऱ्या श्रीमंताचा दाखला, ज्याचा जीव त्याच रात्री मागितला गेला. मामा पहिल्या बाकावर येऊन बसला. समोरून कोट इतका बेतशीर दिसत होता की शिंप्याला क्षणभर अभिमानच वाटला. मग त्याची नजर मागच्या बाकांवर गेली. तिथे लोहाराची विधवा होती, पोस्टमनची विधवा होती. मामाच्या पाठीवर पांढरा शर्ट आणि नाड्यांच्या गाठी त्या बघत होत्या. मग त्यांनी एकमेकींकडे बघितलं, मग शिंप्याकडे. प्रत्येकीला आपापला नवरा आठवत असावा. कोठारं बांधता बांधता शिंपी दोनदा अडखळला. वाचन झाल्यावर वळून क्रुसापुढे वाकायचा रिवाज होता, तो त्यानं कसाबसा उरकला.

दुपारी मामा दुकानात आला.

"मागून गार लागतं," तो म्हणाला. "पाठ असेल तर लावून दे."

शिंप्यानं गळ्यातली किल्ली काढून कपाट उघडलं. कसर लागली होती. वरची पाठ उचलावी तर खालची चुरा होऊन पडायची. मामाची सगळ्यात वर होती, पण कसरीनं नवं-जुनं पाहिलं नव्हतं. एक धड तुकडा निघेना. शिंपी मटकन जमिनीवर बसला. त्याला इतकी लाज वाटली की रडूही येईना.

मामानं काळा चुरा बोटांवर घेऊन बघितला.

"म्हणजे त्यांनाही मिळाली नाही आणि तुलाही नाही." त्यानं बोटं झटकली. "प्रभूला ठेवलं ती कबरही दुसऱ्याची होती, बाळा. पण अंगावरचं कापड तेवढं अख्खं होतं."

मामानं कोट काढून टेबलावर ठेवला आणि तो शर्टावरच घरी गेला. बऱ्याच वेळानं शिंपी उठला. त्यानं खुंटीवरचा स्वतःचा रविवारचा कोट घेतला आणि त्याची पाठ उसवायला बसला. बायकोनं दारातून बघितलं, आणि काही न विचारता दिवा जवळ आणून ठेवला.

पुढच्या रविवारी मामाच्या कोटाला पाठ होती, रंगानं किंचित वेगळी. वाचायची पाळी दुसऱ्याची होती, पण शिंप्यानं ती मागून घेतली. अंगात तोच उसवलेला कोट घालून तो बाजूच्या दारानं आला आणि सगळ्यांकडे तोंड करून उभा राहिला. या वेळी तो कुठे अडखळला नाही. पुस्तक मिटून त्यानं लोहाराच्या विधवेकडे, पोस्टमनच्या विधवेकडे एकदा बघितलं.

मग तो क्रुसाकडे वळला आणि वाकला, आणि बराच वेळ तसाच राहिला.