मांगरातली राख

मेस्त्री पैसे घेईनासा झाला, की समजावं तो दुसऱ्या कुणाकडून तरी घेतोय. वीस वर्षं मुंबईत साहेबलोकांच्या मोटारी चालवून मी एवढं एक शहाणपण गावी आणलं. दुसरी आणली ती काळी.

माझा शेवटचा साहेब सत्तेचाळीस साली विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याने आपली जुनी काळी मोटार मला जवळजवळ फुकटातच दिली. मी ती एकट्याने घाट उतरवून आचऱ्याच्या शेजारच्या आमच्या गावात आणली आणि परसातल्या मांगरात उभी केली. त्या मांगरात पूर्वी काळी नावाची गाय बांधलेली असायची. घरातल्यांनी मोटारीलाही तेच नाव ठेवलं. गेली अकरा वर्षं मालवणचा बाजार म्हणू नका, कुणाची अडलेली बाळंतीण म्हणू नका, लग्नाचा नवरा म्हणू नका, सगळं काळीतून गेलं. गावात मला श्रीपाद कुणी म्हणत नाही, मोटारवाले भाई म्हणतात. ते नाव गेलं तर माझ्यापाशी उरतं काय? भातशेतीचे चार कुणगे आणि संधिवात.

भाद्रपदात जानकीची भानगड झाली. जानकी आमच्या गावची मासेवाली. तिठ्याच्या वळणावर ती एकाएकी गाडीपुढे आली. कुठून आली देव जाणे. ऐन वेळी तिने शेतात उडी घेतली म्हणून वाचली. टोपली चाकाखाली गेली आणि रस्ताभर बांगडेच बांगडे. माझी बायको विमला शेजारी बसली होती. ती घर येईपर्यंत दाराची कडी धरून बसली होती. ब्रेक उशिरा लागले, दुसरं काय? मी काळीला मालवणात बाबली मेस्त्रीकडे नेली. त्याने दिवसभर खुडबुड केली आणि म्हणाला, "ब्रेक बरे आसत, भाई."

"बरे आसत तर लागले कित्याक नाय?"

तो फडक्याला हात पुसत बसला. ज्या मेस्त्रीला उत्तर सुचत नाही, त्याच्या पोटात काहीतरी असतं.

त्यानंतर काळी आजारी पडू लागली. दोन महिन्यांत तीनदा. सकाळी हँडल मारून मारून खांदा निखळायची वेळ यायची, पण ती ढिम्म. आणि गंमत बघा, तिन्ही वेळा मला लांबच्या वाटेला जायचं होतं. निरोप गेला की बाबली दुसऱ्या दिवशी सायकल मारत यायचा, मला विहिरीवर पाणी आणायला पाठवायचा, आणि मी कळशी घेऊन येईतो काळी गुरगुरत असायची. पैसे विचारले तर "रवांदे, भाई." वर आणखी फुकटचा सल्ला.

"दुरुस्तीत काय अर्थ नाय. बांद्याच्या दाजीशेटाकडे नवी गाडी आसा, ती घेवा नि ही त्येका देवा. गाडयेबरोबर डायवर पण देतलो तो."

डायवर! मला! हलवायाच्या घरी पेढे पाठवण्यातला हा प्रकार. कुठे पाणी मुरतंय ते मी त्याच घटकेला ओळखलं. दाजीशेटचा काळीवर डोळा, आणि बाबलीचा त्यात वाटा. गाडी मुद्दाम बिघडवायची, मला कंटाळा आणायचा, मग कवडीमोलाने उचलायची. आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय, असं माझ्या घरी चालणार नव्हतं.

वाईट याचं वाटलं, की विमलाही त्यांना सामील झाली. काळी पहिल्यांदा दारात आली तेव्हा हिनेच तिला ओवाळलं होतं. यंदा दसऱ्याला बॉनेटवर कुंकू लावता लावता म्हणाली, "एकदाची इकून टाका ती."

मार्गशीर्षात मथुरेचं पत्र आलं. मथुरा आमची एकुलती एक मुलगी, लग्न होऊन मुंबईला दिलेली. पत्र विमलानेच वाचून दाखवलं, तिच्यासाठी ते लिहून देणारा जावई हल्ली अक्षर फार बारीक काढतो. मथुरेला सातवा लागला होता, पहिल्या बाळंतपणासाठी येत होती. शुक्रवारी दुपारच्या बोटीने मालवण बंदरात उतरणार.

"मी हाडतलंय तिका, काळीतसून," मी म्हणालो.

"यष्टीन येतली ती," विमला म्हणाली.

"दारात मोटार आसताना माझा चेडू यष्टीत धक्के खात येतला?"

मी तिथल्या तिथे निकाल लावून टाकला. काळीची आता एकच, शेवटची दुरुस्ती. शुक्रवारी तिने मथुरेला सुखरूप घरी आणलं, तर ती मरेपर्यंत याच मांगरात राहील. त्या दिवशी अडली, तर खुशाल दाजीशेटने घेऊन जावी. विमला पदर तोंडाशी धरून ऐकत राहिली.

पण मध्ये गावपळण येत होती. दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल होतो आणि आमचं अख्खं गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर झोपड्या घालून राहतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, श्वास घेणारं काहीही मागे ठेवायचं नाही. ते तीन दिवस गाव देवाचं. त्या दिवसांत कुणी आत पाऊल टाकत नाही, आणि टाकलं तर काय होतं, हे विचारायचीही कुणाची छाती होत नाही. मंगळवारी निघायचं आणि शुक्रवारी सकाळी देवाने कौल दिला की परतायचं असं देवळातल्या सभेत ठरलं. मी देवळाचे मुख्य मानकरी गुरुदास गावकार यांना विचारलं, "मोटारीचा काय?"

"गाडयेत जीव आसा काय?" त्यांनी मलाच विचारलं.

"कधीच नव्हतो," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळी सभा खोखो हसली.

सोमवारी मी काळीला मालवणात नेली आणि बाबलीच्या उरावर दिवसभर उभा राहिलो. प्लग, तारा, पट्टा, सगळं माझ्यासमोर बदलायला लावलं. मंगळवारी निघण्यापूर्वी एकच हँडल मारलं आणि काळी खणखणीत बोलली. मग मांगराला नवं कुलूप घातलं, किल्ली कडदोऱ्याला बांधली.

"झावळ्यांच्या भिंतीक कुलूप!" विमला म्हणाली.

भिंत माडाच्या विणलेल्या झावळ्यांची होती, हे खरं. म्हणून तर मी तिच्या नकळत चुलीतली राख चाळून गाडीभोवती पसरून ठेवली होती. चोर आला तर सही करून जाईल.

गावपळण म्हणजे बाकीच्यांना जत्रा. भजनं, पत्ते, उघड्यावरची जेवणं. माझं लक्ष मात्र कशातच नव्हतं. बुधवारी दुपारी बाबली सायकलवरून आमच्या झोपडीत हजर. तो मालवणचा, त्याला आमच्या देवाचं बंधन नाही. तो गावात शिरला तर अडवणार कोण? चुलीपाशी बसून तो विमलाशी हळू आवाजात काहीतरी बोलत होता. मी गेलो तशी दोघं चुलीत लाकडं सारू लागली. तो आमच्यातच जेवला आणि निघाला, तेव्हा मीही त्याच्या मागोमाग सडकेपर्यंत गेलो. तो मालवणच्या दिशेने वळला. त्याचा पांढरा सदरा भर उन्हात दहा-पंधरा पावलांवरच धुक्यात गेल्यासारखा नाहीसा झाला. तरी मी तासभर तिथेच दगडावर बसून राहिलो. तो परत फिरला नाही.

झोपडीत आलो तर विमला नाही. बऱ्याच वेळाने आली. केस ओले, ओठ पांढरेफटक.

"व्हाळार गेल्लंय, न्हाऊक."

तेव्हापासून तिने अन्नाचा कण तोंडात घातला नाही. उपास आहे म्हणाली. बुधवारचा कसला उपास? पण मी म्हटलं, लेकीची काळजी असेल. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्यावर मी ठेवली होती, त्यामुळे मी खुशीत होतो.

शुक्रवारी सकाळी कौल झाला, ढोल वाजले आणि गाव हसत-खिदळत परत निघालं. विमला वेशीवर थांबली. हात जोडून इतका वेळ उभी राहिली, की मी तिला मागे टाकून पुढे गेलो.

कुलूप जसंच्या तसं. आत काळीही जशीच्या तशी. हँडल मारलं. ढिम्म. दहा वेळा मारलं. मग राखेची आठवण झाली. ओणवा झालो, काही दिसेना. गुडघे टेकले, नाक जमिनीला लागेपर्यंत वाकलो. आणि पावलं दिसली! मागच्या भिंतीकडून आलेली, बॉनेटपाशी थांबलेली, तशीच परत गेलेली.

"गावलंस रे, बाबली!" मी मोठ्याने म्हणालो.

पण बाबली चपला घालतो. हे पाऊल अनवाणी होतं, लहान होतं, आणि अंगठ्याशेजारच्या बोटाभोवती राखेत जोडव्याची गोल खूण उठली होती.

मी बॉनेट उघडून आत हात घातला. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. आतला रोटर, अंगठ्याएवढा काळा तुकडा, जो फिरल्याशिवाय एकाही प्लगला ठिणगी मिळत नाही, तो जागेवर नव्हता.

"हंय आसा," दारातून विमला म्हणाली. तिने पदराची गाठ सोडली आणि रोटर माझ्यापुढे धरला.

 ही बाई सोमवार चुकवत नाही, ग्रहणात पाणी पीत नाही, देवळावरून जाताना वहाणा हातात घेते. "तू? गावपळणीत? वेस ओलांडून?"

"पयले तीन वेळा पण मियाच काढलंय. कसो काढूचो ता बाबलीन दाखयल्यान. मगे तोच येवन घाली."

"कित्याक गो? काळीन तुझा काय वाईट केल्यान?"

"काळीन काय करुक नाय. ब्रेक बरे होते." ती जवळ आली. "जानकी एकाएकी नाय इली. सडकेच्या मधी उभी रवान हात करी होती, मालवणाक न्हेवा म्हणान. माका लांबसून दिसली. माका वाटला तुमी थांबतलात."

"वळणार होती ती..."

"वळणाच्या किती अलीकडे होती."

राग असा आला, की तो रोटर विहिरीत भिरकावून द्यावा. अकरा वर्षं गाडीत शेजारी बसलेली बायको, आणि हिने बाबलीशी संगनमत करावं!

"बरा," ती म्हणाली, "हंयसून सांगा, तुळशीकडे कोण उभो आसा?"

तुळस पंधरा पावलांवर. मी डोळे बारीक केले. तुळस दिसली, तीही ती तिथे असते म्हणून.

"कोण नाय," मी म्हणालो.

"भाई," तुळशीकडून बाबलीचा आवाज आला, "मी आसंय. वयनीन बोलयल्यान."

 मी काळीच्या पायरीवर बसलो. आयुष्यात कधी नाही अशी भीती वाटली. मथुरेला आणि तिच्या पोटातल्या जिवाला घेऊन मी आज याच सडकेवरून येणार होतो.

"माका सांगूचा होता," मी म्हणालो.

"डोळे दाखवा म्हणान चार वेळा सांगलंय. तुमी म्हटलात, डोळ्यांचे डाक्टर सगळे चोर."

म्हणालो होतो खरा.

"आणि देवाक काय सांगलंस?"

"सांगलंय, काय करुचा ता माका कर. ह्येंका आणि माझ्या चेडवाक सांभाळ." इतका वेळ धरून ठेवलेलं रडू आता तिला आवरेना. "दोन दिस भियान जीव ऱ्हवलो नाय माझो. आता देवळात जातंय. नारळ ठेवतंय आणि गावकारांका सगळा सांगान टाकतंय."

मी तिच्या हातातला रोटर घेतला आणि न बघता जागेवर बसवला. त्याला डोळे लागत नाहीत. एक हँडल मारलं, काळी बोलली. मग मी गाडीभोवती पाय घासत फिरलो, राखेत जोडव्याची खूण उरली नाही, नुसती माझीच पावलं उरली, तोवर फिरलो. आणि मग बाबलीला हाक मारली.

"ये रे. चाकार बस."

मी डाव्या बाजूला बसलो. अकरा वर्षांत त्या बाजूला मी पहिल्यांदाच बसत होतो. विमला नारळ घेऊन मागे बसली. देवळापाशी ती उतरू लागली, तसा मी तिच्या हातातून नारळ घेतला.

"तू रव गाडयेत."

सभामंडपात गुरुदास गावकार मानकऱ्यांबरोबर बसले होते. मी नारळ पुढे ठेवला. "बुधवारी दुपारी मी वेस ओलांडून गावात गेल्लंय. मांगरात, गाडी बघूक. चूक झाली. देवाक गाऱ्हाणा घाला."

 मग गुरुदास सुस्कारा टाकून म्हणाले, "तू जातलंस ह्या आमका ठावकच होता, भाई."

एकानेही शंका घेतली नाही. जन्मभर मी अख्ख्या गावावर संशय घेतला, त्याचा हा एवढाच उपयोग झाला. गाऱ्हाणं घातलं, सगळे "व्हय महाराजा" म्हणाले, आणि मीही म्हणालो. खरं काय ते देवाला ठाऊक होतं. गावाला ठाऊक असायची गरज नव्हती.

गाडीत येऊन मी खोबऱ्याचा तुकडा मागे धरला. "खा गो. उपास सुटलो तुझो."  तिने आधी माझा हात धरला, मग तुकडा घेतला, आणि खाल्लेलं मला ऐकू आलं.

तिठ्याजवळ बाबलीने गाडी हळू केली.

"कोण रे?" मी विचारलं.

"जानकी आसा, भाई. हात करता."

"कितक्या लांब आसा?"

"लांब आसा अजून."

"उभी कर. मालवणाक येता काय इचार तिका."

काळी थांबली. जानकीने आधी खिडकीतून वाकून चाकावर कोण बसलंय ते नीट बघितलं, आणि मगच टोपली आत ठेवली.