कंपनीचा शिरका

वारले त्याच्या आदल्या दिवशी आश्रुबा गुरुजींनी ताडकळसच्या बाजारातून स्वतः पारखून मरळ आणली. पुण्याहून लेक आली की मासे, हा घरचा नेम. साफ करायलाही तेच बसले. बायकोला, मालनबाईंना, त्यांनी चुलीकडे पिटाळलं.

सुकेशनीच्या पिशवीत एक बाटली होती. पोर्तुगालची पांढरी वाइन. तिकडे हिला हिरवी म्हणतात, कारण मुरवत न ठेवता कोवळीच पितात. चव कैरीच्या फोडीसारखी, जिभेवर बारीक चुणचुण. तिकडचे लोक ती भाजलेल्या माशाबरोबर घेतात. मराठवाड्याच्या ताटातलं हिच्याशी काय जमेल, ते सुकेशनीला लिहून द्यायचं होतं. हीच तिची नोकरी. घरी मात्र सहा वर्षं तिने "खाण्याच्या वस्तूंची कंपनी" यापलीकडे काही सांगितलं नव्हतं. बाटलीमागची, दारू तब्येतीला वाईट असं सांगणारी इशाऱ्याची चिठ्ठी तिने परभणीच्या स्टँडवरच नखांनी खरवडून काढली होती, आणि घरी आल्यावर बाटली फ्रिजमध्ये ठेवली होती.

बुद्धाच्या पंचशीलातलं पाचवं, दारूला न शिवण्याचं शील दादांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, नुसतं म्हटलं नव्हतं, घरात राबवलं होतं. सख्खा भाऊ सूर्यभान पितो म्हणून त्याला उंबऱ्याबाहेर काढलं, आणि तो वारला तेव्हा मयतालाही गेले नाहीत. सुकेशनी तेव्हा अकरावीत होती. त्या दिवशी दादांनी रोजच्यासारखं पोटभर जेवण केलं, हे ती विसरली नव्हती.

"हे काय गं?" दादांनी फ्रिज उघडून विचारलं.

"शिरका. व्हिनेगर म्हणतात ते. कंपनीचा."

"एवढी मोठी बाटली? लोणचं घालायलीस का गावाला?"

"तुमच्या टकलाला लावा जरा," मालनबाई चुलीपाशीच हसल्या. "उगवलं तर उगवलं."

परभणीच्या एका जुन्या खानावळीत लहानपणी खाल्लेला शिरक्यातला कांदा दादांच्या जिभेवर अजून होता. सुकेशनी अंघोळ करून आली तर त्यांनी कांदा चिरून, मीठ लावून, वर बाटली ओतलेली. कांद्याच्या चकत्या भरल्या वाटीत तरंगत होत्या.

"दादा..." ती म्हणाली.

"काय?"

एका वाक्याचं काम होतं. तिने ओला टॉवेल दोरीवर टाकला.

"काही नाही."

तळलेली मरळ, ज्वारीची भाकरी, तो कांदा. दादा घास चावता चावता थांबले. "तुझा शिरका लय मवाळ हाय. पण मरळीला जमला बघ. तेलकटपणा कसा कापून टाकतो." आणि कांदा संपल्यावर त्यांनी वाटी उचलून खालचा रसही पिऊन टाकला. "फुडच्या वेळी दोन आण."

तिने स्वतः एक चकती तोंडात टाकली होती. दादा म्हणाले ते खरं होतं. पगार घेऊन चव सांगणाऱ्या माणसांनाही इतकं नेमकं सांगता येत नसे. दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर तिने वहीत त्यांचंच वाक्य उतरवलं, खाली नाव न घालता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता ते आरशासमोरच कोसळले. परभणीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. छाती, असं डॉक्टर म्हणाले. बाटलीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. तेवढी अक्कल तिला होती, आणि तिचा उपयोग नव्हता.

दादांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या दिवशी दारातल्या मांडवात भंतेजींनी शील दिलं. सगळ्यांबरोबर तीही म्हणत गेली. पाचव्याला तिचे ओठ मिटले. मग गुरुजींच्या शाळेतले जुने सोबती तात्याराव उठले.

"दारूचा थेंब शिवला न्हाई या माणसानं. सख्ख्या भावाची गय केली न्हाई. शेवटच्या घासापर्यंत शील पाळलं!"

सूर्यभानची बायको नर्मदाबाई पार मागे, चपलांच्या ढिगापाशी बसली होती. भावाचं नाव निघालं तशी तिने मान खाली घातली.

"आता लेकीनं दोन शब्द बोलावं," तात्याराव म्हणाले.

"रडू नको. नीट बोल," मालनबाई कुजबुजल्या.

सुकेशनी रडली नाही. तिने माईक घेतला आणि लोकांकडे पाठ करून, हार घातलेल्या फोटोकडे तोंड केलं.

"दादा, तो शिरका नव्हता. ती दारू होती, आणि मी दारूच्याच कंपनीत आहे. तुम्ही काकाचं केलंत तेच माझं कराल, या भीतीने सांगितलं नाही. तुम्ही वाटी तोंडाला लावलीत, तेव्हा मी समोर बसून बघत होते."