एकटीला पेलेल अशी शिडी

"हलतेय." दिराने शिडीची मधली पायरी गदागदा हलवली. "ही नको, वहिनी."

"तुम्ही हलवताय म्हणून हलतेय की!" दुकानदार म्हणाला. "असं हलवलं तर आमचं दुकानही हलेल. ताई, तुम्ही जरा उचलून बघा."

तिने शिडी मिटली, खांद्यावर घेतली आणि दुकानाच्या दारापर्यंत जाऊन परत आली. घडीची, अ‍ॅल्युमिनियमची, पायांना रबरी बूट बसवलेली शिडी होती. वळताना कुठे अडली नाही. एका हाताने ती सांभाळता येत होती आणि दुसरा हात ड्रिलच्या पेटीसाठी मोकळा राहत होता.

"बरी वाटतेय," ती म्हणाली.

"हलकी आहे," दीर म्हणाला. हलकं असणं हा जणू गुन्हाच होता.

त्याआधी त्याने एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची शिडी नापास केली होती. खटका निसटला तर बोटं जातील, म्हणे. आणखी एक अरुंद म्हणून नाकारली, दुसरीच्या पायऱ्या गुळगुळीत म्हणून. आता तो सरळ कोपऱ्यात गेला आणि तिथल्या थोराड शिडीवर थाप मारून म्हणाला, "ही बघा. दोन माणसं चढली तरी ढिम्म हलायची नाही."

तिने त्या शिडीचं एक टोक उचलून पाहिलं. कमरेतून कळ गेली.

"ही मी जिन्यावरून कशी नेणार?"

"तुम्ही कशाला न्याल? मी आहे ना."

हे 'मी आहे ना' तिला हल्ली टोचायला लागलं होतं. ती दुकानदाराला "विचार करून येते" म्हणाली आणि बाहेर पडली. दीर मागोमाग आला. 

पडदे शिवायचे तिने आणि लोकांच्या घरी जाऊन बसवायचे नवऱ्याने, अशी लग्नापासूनची वाटणी होती. दीर नवऱ्याच्या हाताखाली असायचा. मग गेल्या वर्षी एका घरात पडद्याचा रॉड लावताना शिडी कलंडली, नवरा डोक्यावर पडला आणि गेला. दीर म्हणाला, मी धरली होती, माझाच हात सुटला. त्या दिवसापासून सासूबाई धाकट्या मुलाशी बोलायच्या बंद झाल्या. त्याचं ताट वाढायच्या, पुढ्यात सरकवायच्या आणि तोंड फिरवून बसायच्या.

ती शिडी कुणी घरी आणलीच नाही. तिने शिवणयंत्रावरून उठून ड्रिल हातात घेतलं, भिंतीच्या भोकात स्क्रू धरून ठेवणारा प्लास्टिकचा बार ठोकायला शिकली आणि शेजारच्या रंगाऱ्याची शिडी मागून मागून धंदा चालू ठेवला. शेवटी रंगारीच एकदा हसत हसत म्हणाला, "ताई, माझी शिडी माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त ओळखते." त्यातलं काय समजायचं ते ती समजली.

नवी शिडी घ्यायची ठरली तेव्हाच तिच्या मनात होतं, एकटीला नेता येईल अशीच घ्यायची. कारण दीर प्रत्येक कामावर सोबत येत होता. साधा हुक ठोकायचा असला तरी. तिचा फोन वाजला की झेप घालून तो उचलायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, "मी येतो ना." तिच्या बहिणीने मध्ये एकदा कानात सांगितलं होतं, "डोळे उघडे ठेव गं. उद्या गिऱ्हाइकं त्याची होतील आणि तुझ्या वाट्याला यंत्र तेवढं उरेल." तेव्हा तिने बहिणीला झटकून टाकलं होतं. पण शंका एकदा आत शिरली की पाय पसरून बसते. ती दिराचं एकेक बोलणं तोलू लागली. हात कसा सुटला हे सांगताना तो एकदा म्हणाला होता हाताला घाम आला होता, आणि एकदा म्हणाला होता फरशी ओली होती. ज्याने स्वतः शिडी धरली, त्याला ओलं काय होतं एवढं आठवू नये?

शिवाय ज्या घरात हे झालं तिथल्या आजींचे अधूनमधून फोन यायचे. पडदे शिवून तयार होते, बसवायचे राहिले होते. दीर दर वेळी टाळायचा.

"ते घर नको, वहिनी."

"का नको?"

"नको म्हणजे नको."

तिला वाटायचं, दुःखामुळे म्हणत असेल. आता तसं वाटेना.

दुकानातून आल्यावर दीर दोरे आणायला गेला, आणि नेमका तेव्हाच आजींचा फोन आला. ती म्हणाली, "आत्ताच येते, आजी. मापं पुन्हा एकदा बघून घेते." दिरासाठी निरोप न ठेवता ती निघाली.

आजींच्या खोलीतल्या खिडकीला अजून पडदा नव्हता. जुनी चादर खिळ्यांना अडकवलेली होती. खाली फरशी होती. तिने फरशीकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलंच. फरशी फरशीसारखीच होती. तिने टेप काढली आणि खिडकीच्या चौकटीला लावली.

"तू त्याची बायको ना?" आजी पलंगावर बसल्या. "मला वाटलं, तुम्ही आता या घरात पाऊल टाकणार नाही. फोन करायचाही संकोच वाटायचा, पण म्हटलं, काम अर्धं ठेवून गेलेला माणूस..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "तुझा दीर कसा आहे? त्याचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही बघ. जिना धावत चढून आला होता. धापा टाकत होता, हातात स्क्रूची पुडी. हे बघितलं आणि दारातच मटकन बसला."

टेप तिच्या हातातून सुटली आणि सर्रकन आपल्या डबीत शिरली.

"दारात? तो तर शिडी धरून उभा होता ना?"

"छे गं. शिडीपाशी कुणीच नव्हतं. मी आतल्या खोलीत होते, आवाज ऐकून धावले. तो नंतर आला."

तिने मापं न लिहिताच टेप पिशवीत टाकली. आजींनी पाणी पुढे केलं ते तिने उभ्याउभ्या घेतलं. रस्त्याने येताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. वर्षभर हा माणूस आपल्या समोर बसून जेवतोय आणि वर्षभर खोटं बोलतोय. तेव्हा तो गेला कुठे होता? कुणाकडे? आणि आता मला एका पायरीवरही एकटी सोडत नाही तो कशाला? मी त्या घरी जाऊ नये म्हणून?

दीर कामाच्या खोलीत जमिनीवर बसून पडद्यांना कड्या अडकवत होता. सासूबाई बाहेर होत्या. तिने दार लोटून घेतलं.

"भाऊजी, त्या दिवशी शिडी कोणी धरली होती?"

त्याने वर पाहिलं. तिच्या खांद्यावरची पिशवी पाहिली, आणि कुठून आली ते ओळखलं.

"तुम्ही तिथे गेलात."

"मी विचारलं त्याचं उत्तर द्या."

"कोणीच नाही," तो म्हणाला. हातातली कडी त्याने अडकवून पुरी केली, मग पडदा बाजूला ठेवला. "स्क्रू कमी पडले. दादा म्हणाला, खालच्या दुकानातून पटकन घेऊन ये, तोवर मी चढत नाही. मी गेलो. आलो तर..."

"चढत नाही म्हणाले होते?"

"म्हणाला होता. आणि चढला. तेही अगदी वरच्या पायरीवर. आख्खी दुनिया त्या पायरीवर उभी राहिली असती तर दादाने आख्ख्या दुनियेला शिव्या घातल्या असत्या. मी एकदा चढलो होतो, तर कान पिळला होता माझा. एवढा बाप्या झालो होतो तरी."

"मग हात सुटला असं का सांगितलंत? एवढं मोठं खोटं?"

त्याने उरलेल्या कड्या डब्यात टाकल्या. मग म्हणाला, "आजी आत फोन लावत होत्या आणि इमारतीतले लोक जमले होते, वहिनी. एक जण म्हणाला, एकटा चढला, तोही टोकावर, अक्कल गहाण ठेवली होती काय. बाकीचे माना डोलवत होते. दादा तिथे पडलेला, आणि लोक त्याला बेअक्कल म्हणत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, मी धरली होती, माझा हात सुटला. सगळे गप्प झाले. मग आईने विचारलं, तर तिलाही तेच सांगावं लागलं. एकाला एक आणि एकाला दुसरं कसं सांगणार?"

"आई तुमच्याशी बोलत नाहीत."

"त्याला काय करणार. दादाला तर कुणी काही म्हणत नाही ना."

ती उभीच राहिली. ऐकायला सगळं जुळत होतं, आणि त्याचीच तिला भीती वाटली. इतकं नीट जुळणारं माणूस रचूनही सांगू शकतो. स्वतःला चांगलं ठरवणारी गोष्ट कुणालाही सुचते. दुकानात गेला होता हे खरं, पुडी आजींनी पाहिली. पण नवऱ्याने 'चढत नाही' म्हटलं होतं, याला साक्षीदार कोण? एक गेलेला आणि एक हा.

"आईला सांगू नका," दीर म्हणाला.

तिने पिशवी खुंटीला लावली आणि दार उघडलं.

सकाळी ती एकटीच दुकानात गेली.

"आज परीक्षक नाहीत वाटतं?" दुकानदाराने विचारलं.

"नाहीत. ती हलकी काढा."

शिडी उघडून तिने मधल्या पट्ट्या तळहाताने दाबून घट्ट केल्या, चारही बूट जमिनीला नीट टेकलेत का ते वाकून पाहिलं. मग चढली. वरच्या दोन पायऱ्या सोडून थांबली आणि ड्रिल धरल्यासारखे हात उंच केले. अंग इकडून तिकडे झुकवून पाहिलं. शिडी बारीकशी कुरकुरली, पण जागची हलली नाही. दुकानदार धरायला पुढे आला तशी ती म्हणाली, "तुम्ही लांबच राहा." तिने शिडी घेतली आणि खांद्यावर टाकून घरी आली.

दीर दारात होता. त्याने शिडीकडे पाहिलं आणि बाजूला सरकून तिला वाट दिली.

"आजींकडे निघालेय," ती म्हणाली. "यायचं असेल तर या."

सगळी वाट शिडी तिच्या खांद्यावर होती. दीर पडद्यांचं बोचकं घेऊन मागे चालत होता. आजींच्या खोलीच्या उंबऱ्याशी तो थांबला. तिने शिडी खिडकीशी उभी केली, दोन स्क्रू ओठांत धरले, ड्रिल घेतलं आणि चढली. तिची पाठ दाराकडे होती. पावलं तिला ऐकू आली नाहीत, पण शिडीची कुरकुर अचानक थांबली. तिने खाली पाहिलं. दीर दोन्ही हातांनी शिडीला बिलगून उभा होता. तो फरशीकडे पाहत नव्हता, तिच्याकडेही नाही. त्याची नजर समोरच्या पायरीवर खिळली होती. वरून त्याच्या डोक्यावरचे विरळ झालेले केस दिसत होते. हे केस कधी विरळ झाले, तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"धरायची गरज नाही. हिचे पाय पक्के आहेत."

"असू दे."

तिने एक भोक पाडलं. भुगा त्याच्या डोक्यावर, खांद्यावर पडला. त्याने तो झटकलाही नाही. तिने दुसरं भोक पाडलं, बार बसवला. मग, तो काय करतो ते बघावं म्हणून, ओठांतला एक स्क्रू खाली सोडून दिला.

स्क्रू फरशीवर टणकन आपटला आणि त्याच्या पायापासून हातभर अंतरावर थांबला.

"द्या ना तो, भाऊजी."

त्याने स्क्रूकडे पाहिलं. नुसतं वाकायचं होतं. त्याची बोटं शिडीवर आणखी आवळली, इतकी की नखं पांढरी पडली.

"देता येणार नाही, वहिनी," तो म्हणाला. "तुम्ही वर आहात."

आजी पलंगावरून उठू लागल्या, तिने मानेनेच त्यांना थांबवलं. एकेक पायरी सांभाळत ती खाली आली. स्क्रू उचलला, फुंकून ओठांत धरला आणि पुन्हा चढली. तो तसाच उभा होता.

स्क्रू पिळून झाल्यावर तिने रॉड उचलून आकड्यांत ठेवला आणि खाली न बघता म्हणाली, "आईंना मी आज सांगणार आहे."

शिडी जराही हलली नाही. मग त्याने घसा खाकरला.

"डावीकडून उतरलाय," तो म्हणाला. "रॉड."

"किती?"

"बोटभर."

तिने पेचकस काढला, डावीकडचा आकडा सैल केला आणि बोटभर वर घेतला.