भातातला खडा

दुपारच्या भाताच्या तिसऱ्या घासात माया अर्धी गोळी दडवत असे. तिच्या सासूबाई धोंडाबाई हातात दिलेली गोळी थुंकून टाकीत; सकाळची रक्तदाबाचीही ती चहात विरघळवून देई. आणि दुपारची गोळी चुकली, की दिवेलागणीला दार उघडून चालू लागत. विसरण्याचा हा आजार दोन वर्षांचा. गोळीने चालणे थांबले खरे, पण बाईही थांबल्या. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहत.

नसरापूरचे डॉक्टर म्हणाले होते, "पंधरा दिवस माणसांत बसवा. गोळी चालू ठेवा. फरक दिसला, तर कमी करू."

न दिसला तर? मायाने विचारले नव्हते.

त्यांच्या गावी, गुंजवण्यात, बुद्धविहाराच्या ओट्यावर पौर्णिमेच्या भोजनदानाचे तांदूळ निवडायला बाया जमत. पहिल्याच दुपारी धोंडाबाईंच्या मांडीवर सूप आले आणि त्यांची बोटे जागी झाली. आठवड्यात जीभही.

"फुले, डोळं हाईत का बटणं? केवढा खडा ठेवलास!"

"वैनी, वळखलंत की मला!" फुलाबाई हरखली.

"वळखायचं काय त्यात? खडं ठेवणारी तूच."

तेराव्या दुपारी धोंडाबाईंनी पदराची गाठ सोडली आणि खड्यांच्या ढिगावर पांढरे तुकडे ओतले. फुलाबाई वाकली आणि हसत सुटली.

"माया, हे खडं मेडिकलातनं आणलंस व्हय गं?"

नऊ अर्ध्या गोळ्या.

"हिच्या भातात लई खडं," धोंडाबाईंनी सगळ्यांना सांगितले. "रोज एक. निवडता येत न्हाई पोरीला."

मायाने तुकडे घाईने वेचले. मग ध्यानात आले: गोळी पोटात न गेलेल्या एकाही संध्याकाळी दार कुणी उघडले नव्हते. ओट्यावरच्या गप्पा घरी आणून, त्या सुखाने दमून झोपत होत्या. तिला हसू आवरेना, रडूही.

पंधराव्या दिवशी मायाने सगळे सांगितले, तेव्हा डॉक्टर आधी रागावले. "जेवणात लपवायची नाही. न विचारता बंदही करायची नाही. नशीब, निभावलं." मग त्यांनी चिठ्ठीतली एक ओळ सावकाश खोडली. "ही नको आता. सकाळची रक्तदाबाची मात्र हवीच. तीही चहात नाही, सांगून, हातात."

"आणि तांदूळ?"

"तेही रोज."

दुसऱ्या सकाळी मायाने गोळी उघड्या तळहातावर धरली. धोंडाबाईंनी ती उचलली, उजेडात फिरवली, नखाने खरवडली.

"आत्या, खडा न्हाई ह्यो. औषध हाय तुमचं."

"मग तसं सांगायचं की!" त्यांनी गोळी गिळली, वर पाणी घेतले. "आता आवर लौकर. फुला एकलीच बसली, तर खडं ठेवंल."