मुद्दाम बंद पाडलेली गाडी

व्हॅन सुरू व्हायची, कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानापर्यंत जायची आणि तिथेच बंद पडायची. सकाळपासून हे इतक्या वेळा झाले होते की शिंप्याने शिवण बाजूला ठेवून दारातच खुर्ची टाकली होती.

"ताई, ढकलू का?" त्याने विचारले.

"थांबा," धाकटी म्हणाली. "आधी का मेली ते बघू दे. ढकलायचं तर आहेच."

थोरल्या भावाच्या मते आता बघण्यासारखे काही उरलेच नव्हते. डोळे अधू झाल्यावर त्यांच्या वडिलांनी, अप्पांनी, व्हॅन शेडमध्ये लावली, त्याला कित्येक वर्षे झाली होती. शेड थोरल्याला हवी होती आणि त्याने भंगारवाल्याला दुपारी यायला सांगून ठेवले होते. धाकटीला हवी होती व्हॅन. ती फिजिओथेरपिस्ट होती. डोंगरापलीकडच्या वस्त्यांत अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांकडे घरोघरी जाण्याचे काम दवाखान्याने तिला देऊ केले होते. मात्र स्वतःचे चालते वाहन आज दवाखाना बंद होण्यापूर्वी दाराशी आणून दाखवायचे होते, नाहीतर काम दुसऱ्या कुणाला जाणार होते.

"भावनेने इंजिन चालत नाही गं," थोरला म्हणाला होता.

"माहीत आहे. पेट्रोलने चालतं. म्हणून पेट्रोलपासून सुरुवात करते."

आणि तिने खरोखरच तिथून सुरुवात केली होती. टाकीच्या झाकणाभोवती मेणाचा जाड थर होता. त्याचे कुणालाच नवल वाटले नाही. अप्पांची सगळी नोकरी डबाबंद फळांच्या कारखान्यात डब्यांची सीले तपासण्यात गेली होती आणि त्या घरात खोकल्याच्या औषधाची बाटलीही मेण लावल्याखेरीज कपाटात जात नसे. तिने मेण खरवडून झाकण उघडले, जुन्या पेट्रोलचा नमुना काचेच्या बाटलीत घेतला आणि उजेडात धरला. रंग गडद होता, वास आंबूस होता. पण तळाशी पाण्याचा थेंब नव्हता. इतक्या वर्षांच्या मानाने पेट्रोल अपेक्षेपेक्षा बरे होते. तसे तिने अप्पांना प्रामाणिकपणे सांगितले.

"मग! सील कुणाचं आहे?" अप्पा पायरीवर बसल्या बसल्या म्हणाले. "हवा शिरली की माल नासला."

तरीही तिने टाकी रिकामी केली आणि ताजे पेट्रोल भरले. नंतर फिल्टर बदलला. त्यानंतर तिने गॅरेजमधून बोलावलेल्या मिस्त्रीने कार्बोरेटर उघडून त्यात साचलेला चिकट राप धुतला. एक काम झाले की गाडी सुरू करून बघायची, मगच पुढचे. मिस्त्री या शिस्तीला कंटाळला होता.

"ताई, सगळं एकदम बदलून टाकू. सुटेल त्रास."

"सुटेल. पण कशाने सुटला ते कळणार नाही, आणि पुन्हा झाला की पुन्हा सगळंच बदलावं लागेल."

"तुमचे पेशंट चिवट असतील," मिस्त्री म्हणाला.

आता शिंप्याच्या दारात त्याने प्लग काढून पाहिला. ठिणगी स्वच्छ पडत होती, म्हणजे वीज निर्दोष. मग पंपाची नळी सोडून इंजिन फिरवले, तर नळीतून काहीच आले नाही.

"घ्या. पंप गेला."

"गेलेला पंप इथपर्यंत कसा आणतो?"

"गरम झाला की सोडतो."

हे अशक्य नव्हते, म्हणून तिने ते खोडले नाही. पण पंपाला दोष देण्यापूर्वी त्याच्यापर्यंत पेट्रोल पोचते का, हे पाहायला हवे होते. ती मागे गेली आणि तिने टाकीचे झाकण फिरवले. झाकण सुटता सुटता लांबलचक 'सूं' असा आवाज आला. हवा बाहेर येत नव्हती. आत जात होती.

"पुन्हा फिरवा इंजिन," ती म्हणाली.

नळीतून पेट्रोलची धार थेट मिस्त्रीच्या सदऱ्यावर आली.

तिने झाकण उलटे केले. आतल्या बाजूस टाचणीच्या डोक्याएवढे भोक असायला हवे होते. त्या जागी मेणाचा गुळगुळीत ठिपका होता. कडेचे मेण खरवडताना तिने आत पाहिलेच नव्हते. इंजिन पेट्रोल ओढते तसतशी टाकी रिकामी होते आणि त्या रिकाम्या जागेत बाहेरची हवा यावी लागते. ती आली नाही तर बाटलीला ओठ घट्ट लावून पाणी ओढताना घोट अडतो, तसा पंप अडतो. थोडा वेळ थांबले की कुठूनतरी हवा झिरपते आणि गाडी पुन्हा कोपऱ्यापर्यंत जाते.

तिने टाचणीने भोक मोकळे केले. व्हॅन गल्लीला वळसा घालून, कुठेही न अडता, अंगणात परतली. तेवढ्यात भंगारवाल्याचा ट्रक फाटकात येऊन उभा राहिला.

"सापडलं!" थोरलाही नकळत हसला. "बाळंतपण झालं म्हणायचं. जा आता, उशीर होतोय."

धाकटी अप्पांसमोर जाऊन बसली आणि तिने झाकण त्यांच्या हातात दिले.

"अप्पा, या भोकात पुन्हा मेण भरा. तुम्ही तेव्हा भरलं होतं, अगदी तसंच."

अप्पांचा अंगठा झाकणावरून फिरला आणि भोकापाशी थांबला.

"म्हणजे मीच गळा दाबला होता म्हण की."

"ते अजून सिद्ध व्हायचंय."

"अगं, वेड लागलंय का?" थोरला ओरडला. "उतरलेला ताप कुणी परत आणून बघतं का?"

"दादा, झाकण उघडलं आणि चालली, एवढंच मला माहीत आहे. तेवढ्या वेळात पंप थंडही झाला असेल, मिस्त्री म्हणतात तसा. डोंगराच्या चढावर बंद पडली, तर ढकलायला तिथे शिंपी नाही. आणि वर माझी वाट बघणारा माणूस स्वतः उठून बसू शकत नाही."

"आणि आता बंद पडली आणि परत सुरूच झाली नाही, तर?"

"तर तू म्हणतोस ते खरं. ट्रक उभाच आहे."

अप्पांनी मेणबत्ती मागवली. त्यांना भोक दिसत नव्हते. पण बोटांना ते दिसत होते. मेणाचा एकच थेंब, वरून अंगठा, थोडी फुंकर. झाकण लागले. मिस्त्रीने पाय ॲक्सिलरेटरवर ठेवला आणि सगळे इंजिनाचा आवाज ऐकत उभे राहिले. भंगारवाल्याला हे काय चालले आहे ते कळेना, पण तोही ऐकत राहिला.

इंजिन अडखळले, एकदा खोकले आणि बंद पडले.

"झालं," भंगारवाला म्हणाला आणि ट्रकमधून दोर काढू लागला.

"ओ, दोर ठेवा!" मिस्त्री आतून ओरडला.

"पंप अजून गरमच आहे, मिस्त्री?"

"चांगला तापलाय, ताई."

"मग थंड व्हायच्या आत. अप्पा, तुम्हीच काढा."

तिने त्यांना हाताला धरून व्हॅनच्या मागे नेले आणि त्यांची बोटे झाकणावर ठेवली. अप्पांनी ते फिरवले. हवेचा तो आवाज त्यांनी मान कलती करून शेवटपर्यंत ऐकला. जन्मभर नमुन्याचा डबा उघडताना हा आवाज आला, की त्यांनी बाकीचे डबे चांगले म्हणून पुढे पाठवले होते.

"पक्कं सील होतं," ते म्हणाले. मग त्यांनी टाचणी मागितली, मेण स्वतः टोकरून काढले आणि भोकाला ओठ लावून फुंकर मारली. "जाते हवा. लाव."

तापलेल्याच पंपावर इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झाले आणि मिस्त्रीने कितीही रेटले तरी चालतच राहिले. बऱ्याच वेळाने मिस्त्री खाली उतरला. पेट्रोलने भिजलेला सदरा झटकत तो म्हणाला, "पंपाची माफी मागतो."

थोरल्याने शेडकडे पाहिले, मग बहिणीकडे. "दवाखाना बंद व्हायला फार वेळ नाही," तो म्हणाला. "चढाच्या रस्त्याने जा, जवळ पडेल."

"तिकडूनच जाणार होते."

धाकटी आत बसली. फाटकात ट्रक आडवा होता आणि भंगारवाला दोराची गुंडाळी हातात घेऊन अजून थोरल्याच्या इशाऱ्याची वाट पाहत होता. तिने काच खाली केली.

"काका, तुमची गाडी जरा मागे घ्या. मला बाहेर पडायचंय."